तिसरी खाच

हार्लोडेल, डर्बीशायर
५ फेब्रुवारी १७६३

धाकटे धनी फ्रान्सिस लीमिंग साहेब यांच्या सेवेशी,
आपल्या घरचा जुना कारभारी इफ्रेम स्टेली याचा नमस्कार.

आपलं एकोणतीस तारखेचं पत्र पोचलं. आपल्या हुकुमाप्रमाणे काल शुक्रवारी गाइट लोकांच्या 'लागली तर लागली' या खाणीवर पहिली खाच पडली. आपण चार वर्षं लंडनला आहात, इथले कायदे डोक्यातून गेले असतील म्हणून लिहितो. जी खाण बंद असेल तिच्या रहाटाच्या दांड्यावर बारमास्तर, म्हणजे आमचा खाणींचा पंच, दर आठवड्याला एक खाच पाडतो. तीन शुक्रवार, तीन खाचा. तिन्ही वेळा भर दुपारी खाण बंद सापडली पाहिजे. एकदा जरी खालून हातोड्याचा आवाज आला तर आधीच्या खाचा फुकट. नाही आला तर खाण मागणाऱ्याची. इथे मागणारे आपण.

खाण बंद का पडली हे आपण विचारलं नाहीत, तरी कळवतो. थोरल्या अमॉस गाइटचा पाय मांडीत मोडला आहे. गुत्त्याबाहेर मोडला. कसा, ते आपले नवे खाणकप्तान ट्रेगियर यांनी कळवलंच असेल, कारण कुदळीचा दांडा त्यांच्याच माणसाच्या हातात होता. मी पोचलो तेव्हा हाड कातडीबाहेर आलेलं होतं आणि अमॉस स्वतःची टोपी दातात धरून भिंतीला टेकून बसला होता. धाकटा ल्यूक धडधाकट आहे, पण खाणीत एकट्याने काही होत नाही. वर रहाटाला माणूस लागतो.

बारमास्तर नॅथन फर्निस, त्याचे दोन पंच, ट्रेगियर आपल्या चार माणसांसह आणि मी, असे आम्ही गेलो. पोरांची आई, सेथ गाइटची विधवा रूथ, आमच्या आधीच येऊन रहाटाच्या दांड्यावर बसली होती. वरून बर्फ पडतंय आणि बाई जशी काही घरात चुलीपुढे बसली आहे.

"ऊठ गं रूथ," फर्निस म्हणाला. "मला माझं काम करू दे."

"कर की. मी कुठे अडवलंय? मांडीवर पाड माझ्या, दांडा खालीच आहे."

फर्निसला हसू आलं. ट्रेगियरना आलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि दोघांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं. एकाचा अंगठा तिच्या दातांत सापडला, तो आता वाचेलसं दिसत नाही. ल्यूक फावडं घेऊन धावत आला. ट्रेगियरनी घोड्याच्या चाबकाची मूठ त्याच्या तोंडावर अशी हाणली की डोळा दिसेनासा झाला. पोरगा बर्फात रक्त थुंकत उभा राहिला आणि तेवढ्यात फर्निसने खाच पाडून घेतली.

जाताना रूथ मला म्हणाली, "इफ्रेम, खाणीच्या याच विहिरीत तू माझ्या सेथबरोबर पंधरा वर्षं उतरलास. आता वर उभा राहून बघतोस होय?"

मी म्हणालो, मी धन्याचा नोकर आहे.

"कुत्रासुद्धा असतो नोकर," ती म्हणाली, "पण तो ओळखीच्या माणसावर सोडला तर निदान घुटमळतो."

बाईमाणसाचं बोलणं, मी मनावर घेतलं नाही.

आपल्या आईसाहेबांच्या नावाची कॅथरिन खाण व्यवस्थित चालू आहे. भट्टी दोन दिवस थंड होती, काल पेटली. शिशाच्या लगडी घेऊन घोडे सोमवारी चेस्टरफील्डकडे निघतील, रस्ता गोठलेला असला तर.

आपला आज्ञाधारक,
इफ्रेम स्टेली


१४ फेब्रुवारी

धाकटे धनी यांस,

आपलं नऊ तारखेचं पत्र काल हाती आलं. शेवटच्या ओळी मी तीनदा वाचल्या. "शिशाची ती शीर माझ्या हातात आली तर लेडी डेला, पंचवीस मार्चला, मी स्वतः येईन आणि आठवडाभर राहीन." स्वयंपाकीणबाईंना वाचून दाखवलं, तर त्या एप्रनने डोळे पुसत म्हणाल्या, "आता तरी खरं धरू का?" मी म्हणालो, त्यांच्या हातचं आहे, खरं नाही तर काय.

दुसरी खाच शुक्रवारी पडली. पण शनिवारी पारडं फिरलं. गाइटांना माणसं मिळाली, जोब आणि सॅम हे रेडफर्न बंधू. अमॉसने मोडक्या पायाला लाकडाच्या पट्ट्या बांधून घेतल्या आहेत आणि खुर्ची टाकून रहाटावर बसला आहे. ल्यूक आणि ते दोघे खाली उतरतात. येत्या शुक्रवारी दुपारी फर्निस आला आणि त्याला खालून हातोडा ऐकू गेला की आपल्या दोन्ही खाचा गेल्या.

ट्रेगियरनी शनिवारीच माणसं पाठवून त्यांचा दोर तोडायला लावला. त्यात सॅम रेडफर्नचा कान गेला. कान म्हणजे पूर्ण गेला, लोंबत होता तो त्याने स्वतःच चाकूने कापून टाकला आणि आपल्या माणसाच्या तोंडावर फेकला. आपल्यापैकी एकाच्या हातावर ल्यूकने घण घातला. चार बोटांचं पीठ झालं. मी मलमपट्टी केली, दोन्हीकडची. दोर त्यांनी रातोरात नवा ओवला.

आपण लिहिता, "शुक्रवारी दुपारी त्या खाणीत कोणी काम करत नसेल याची व्यवस्था व्हावी." ट्रेगियर म्हणतात, होईल. आपण हेही विचारलंत की कॅथरिनमधून गाइटांच्या खाणीत जमिनीखालून वाट आहे का. या डोंगरात जुन्या लोकांनी शेकडो वर्षं उकरून ठेवलं आहे, कुठलं भोक कुठे जातं ते देवाला ठाऊक. याबाबत ट्रेगियर साहेबांशी बोलणं झालं आहे.

कॅथरिनसाठी चाळीस भारे पेंढा आणि डांबराची दोन पिंपं मागवली. पेंढा घोड्यांसाठी, डांबर दोरांना लावायला.

घराच्या पुढच्या बाजूच्या खिडक्या उघडून घेतल्या. लाकूड फुगलं आहे, जोर लावावा लागला.

इफ्रेम स्टेली


१९ फेब्रुवारी

धाकटे धनी यांस,

काल तिसरी खाच पडली.

त्याआधी गाइटांच्या खाणीत मोठा अपघात झाला, तो कळवणं माझं काम आहे. पहाटे ल्यूक आणि रेडफर्न बंधू टोपीला चिखलाने मेणबत्त्या चिकटवून उतरले. नऊच्या सुमारास विहिरीतून पिवळट धूर वर यायला लागला. दोराला झटके बसले तसा अमॉसने रहाट ओढायला घेतला. खुर्ची लाथेने उडवून तो उभा राहिला, पायाच्या पट्ट्या तुटून पडल्या, तरी ओढत राहिला असं बघणारे सांगतात. पहिला सॅम वर आला. जिवंत होता, तोंडाला काळा फेस. दोर परत खाली सोडला. मग जोब आला. दोर त्याच्या काखांखालून नीट बांधलेला, गाठ ल्यूकची, पण जोब मेलेला होता. तिसऱ्यांदा दोर रिकामा आला. चौथ्यांदाही रिकामाच.

अकरा वाजता धूर थोडा विरळ झाल्यावर अमॉसने स्वतःला बांधून खाली सोडायला लावलं. ल्यूक विहिरीच्या तळाशी सापडला. तिथे वीतभर पाण्याचं डबकं आहे, त्यात तोंड खुपसून पालथा पडलेला. दगडावर ओरखडून ओरखडून बोटांची नखं उलटली होती. धाकटा होता, बावीस वर्षांचा. दोन्ही वेळा दोर त्याच्या हातात आला आणि दोन्ही वेळा त्याने दुसऱ्याला बांधलं.

बारा वाजता ठरल्याप्रमाणे बारमास्तर आला. दोन प्रेतं रहाटाशेजारी बर्फावर ठेवलेली होती. खाली हातोडा वाजत नव्हता. ट्रेगियर म्हणाले, "खाण बंद आहे. खाच पाडा."

रूथ ल्यूकचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या तोंडावरची काजळी ती थुंकी लावून पुसत होती. वर न बघताच बोलली.

"नॅथन, हातोडा का वाजत नाही, ते मला विचार."

"रूथ, आत्ता नको गं."

"खाली श्वासाला वारा नाही म्हणून वाजत नाही. पाण्याने नाहीतर वाऱ्यावाचून अडलेल्या खाणीवर खाच धरत नाही. तुझा बाप बारमास्तर होता, त्याच्या तोंडून ऐकलंय मी."

ट्रेगियर कॉर्नवॉलचे. त्यांच्याकडे हा नियम नाही. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. "कसला वारा? हा कुठला कायदा?"

"आमचा," फर्निस म्हणाला.

ट्रेगियर म्हणाले की दगड तापवून फोडण्यासाठी या लोकांनीच खाली आग लावली असणार. आपल्याच धुरात गुदमरले, दोष कोणाचा? अमॉस सरपटत त्यांच्यावर गेला. आपल्या माणसांनी त्याच्या मोडक्या पायावर पाय दिला. ती किंकाळी खालच्या गावापर्यंत ऐकू गेली.

फर्निसने खाच पाडली, पण वाकडी पडली. तो म्हणाला की तेवीस मार्चला चोवीस खाणकऱ्यांची पंचायत बसेल. गाइटांनी आपणच आग लावली असेल तर खाच खरी. धूर दुसरीकडून सोडला असेल तर खाच रद्द, खाण त्यांची.

ट्रेगियर म्हणतात तसंही घडलेलं असू शकेल. मी त्या वेळी कामानिमित्त कॅथरिनवर होतो.

सॅम रेडफर्न अजून रक्त ओकतो आहे.

इफ्रेम


८ मार्च

फ्रान्सिस साहेब,

तुमचं एक तारखेचं पत्र पोचलं. पंचायतीपुढे बायबलवर हात ठेवून मी सांगायचं की आग गाइटांनीच लावली. मी त्या विहिरीत पंधरा वर्षं काढली आहेत, तेव्हा माझा शब्द पंच मानतील, असं तुम्ही लिहिता. मानतील. त्यात काही चूक नाही.

सॅमही गेला. गेल्या महिन्याच्या एकवीस तारखेला.

आधी शनिवारी काय झालं ते ऐका. धातूचा दगड तिसऱ्यांदा चोरताना सापडलेल्याला इथे एक जुनी शिक्षा आहे. त्याचा हात रहाटाच्या खांबावर ठेवून तळव्यातून सुरी ठोकतात, मुठीपर्यंत. मग त्याने हात फाडून सुटावं, नाहीतर तिथेच मरावं. मी त्रेसष्ट वर्षांचा झालो, ऐकत आलो होतो, बघितलं नव्हतं.

ट्रेगियर बाजारातून घोड्यावर परत येत होते. वीसेक जणांनी त्यांना खाली ओढलं. कोणीतरी मला बोलवायला धावत आला. मी पोचलो तेव्हा ते गाइटांच्या रहाटाशी गुडघ्यांवर होते, दोघांनी हात खांबावर दाबून धरला होता आणि अमॉस कुबडी काखेत धरून सुरीच्या मुठीवर हातोडा घालत होता. दोन घावांत पार गेली.

"मी चोरी केलेली नाही," ट्रेगियर ओरडत होते. "चोराची शिक्षा मला का?"

"तीन नेलेस," अमॉस म्हणाला. "ल्यूक, जोब, सॅम. तुमच्या कॉर्नवॉलात मोजायला शिकवतात ना?"

कोणी हसलं नाही. मी गर्दीतून पुढे झालो. म्हणालो, सोडा याला, डर्बीच्या न्यायाधीशाकडे न्या. तेव्हा ट्रेगियरनी मला पाहिलं.

"स्टेली. सांग यांना. ती वाट मला कोणी दाखवली, सांग."

सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडायच्या आत रूथ बोलली. ती दगडावर बसून सगळं बघत होती.

"म्हाताऱ्याला कशाला ओढतोस मध्ये? माझ्या नवऱ्याला त्याने खांदा दिलाय. तुझ्या जातीचा नाही तो."

लोकांनी माझ्यावरून नजर काढली. एकाने तर माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "घरी जा काका, तुम्ही बघू नका हे." मी गप्प राहिलो. ट्रेगियर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हात ओढला. ओलं कापड टरकावतात तसा आवाज झाला. मधल्या दोन बोटांमधून पंजा दुभागला. कोणी अडवलं नाही. ते डर्बीला वैद्याकडे पडून आहेत.

आता पहिल्या तीन पत्रांत जे लिहिलं नाही ते लिहितो.

वाट आहे. तीस वर्षांपूर्वी सेथला आणि मला सापडली होती, जुन्या लोकांनी उकरलेली. माणूस पोटावर सरपटेल एवढी. आम्ही दोघांनी ती दगडगोट्यांनी बुजवली, पलीकडे कोणाला कळू नये म्हणून. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ट्रेगियरना कॅथरिनमध्ये खाली नेलं आणि त्या जागेवर हात ठेवला. पेंढा घोड्यांसाठी नव्हता. चाळीस भारे मी मोजून खाली उतरवले.

का, ते सांगतो. मला वाटलं मी फार शहाणा आहे. फट बारीक आहे, धूर जेमतेम जाईल, पोरं खोकत वर येतील. बारा वाजता हातोडा वाजणार नाही, खाच पडेल, तुमचं मन राखलं जाईल आणि तुम्ही घरी याल. मग रूथ उभी राहील आणि म्हणेल, वारा नव्हता. खाच रद्द होईल, तिची खाण तिच्याकडे राहील. धन्याचा हुकूमही पाळला, सेथच्या घराचंही वाईट झालं नाही. ट्रेगियरना आमचा वाऱ्याचा नियम ठाऊक नव्हता आणि मी तो त्यांना सांगितला नाही. यावर मी चार दिवस मनातल्या मनात खूश होतो. लिहा-वाचायला मी एकटा शिकलो, कारभारी झालो, लोक म्हणतात इफ्रेमचं डोकं चालतं. असं चाललं.

शुक्रवारी पहाटे खाली गेलो तर फट राहिलीच नव्हती. ट्रेगियरच्या माणसांनी चार दिवस खणून ती माणूस वाकून चालेल एवढी केली होती. पलीकडून येणारा हातोड्याचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ होता. हे सगळं मी पेंढा पेटवायच्या आधी पाहिलं. ट्रेगियरनी मशाल हातात घेऊन विचारलं, "काय कारभारी, विचार बदलला का?"

मी म्हणालो, "नाही."

मग तोंडाला ओलं फडकं बांधून मी तिथेच उभा राहिलो. हातोडे थांबले. थोड्या वेळाने खडकावर ठोके आले, एका वेळी पाच. पाच ठोके म्हणजे आमच्यात माणूस अडकला. मी ते मोजले.

शपथेचं अजून ठरवलेलं नाही. तुमच्याशी खोटं बोलायचा आता कंटाळा आला आहे म्हणून सांगतो, मला भीती वाटते. खरं बोललो तर गळ्यात दोर आहे. खोटं बोललो तर रूथची खाण जाते, ल्यूक स्वतःच्या मूर्खपणाने मेला असं कागदावर राहतं आणि मी तुमच्या चाकरीत म्हातारा होऊन मरतो. रोज रात्री एकदा हे ठरतं आणि एकदा ते.

तुम्ही या. पंचवीसला येणार होतात, तेवीसला या. 'वाट मी विचारली होती,' एवढं तुम्ही उभं राहून म्हणालात तर माझ्या जिभेला बळ येईल.

इफ्रेम


२४ मार्च

फ्रान्सिस,

तू आला नाहीस.

तू अकरा वर्षांचा होईपर्यंत मी तुला 'तू' म्हणायचो, मग तुझ्या वडिलांनी बंद करायला लावलं. आज मला कोणी कामावरून काढू शकत नाही, तेव्हा 'तू'च म्हणतो.

काल पंचायत बसली. चोवीस खाणकरी दोन बाकांवर, फर्निस मध्ये, रहाटाचा दांडा टेबलावर ठेवलेला. तुझ्या वकिलाने मला उभं केलं आणि कागद बघत विचारलं, "धूर कोठून आला, हे आपण शपथेवर सांगाल?"

मी म्हणालो, "कॅथरिनमधून. पेंढा मी उतरवला, वाट मी दाखवली, मशाल ट्रेगियरची."

वकिलाने कागदातून डोकं वर काढलं. मागे रेडफर्नांपैकी कोणीतरी हुंदका दिला. मी थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून सगळं एका दमात सांगितलं, फट रुंद झालेली पाहिली तेही, 'नाही' म्हणालो तेही. मग तुझं नऊ तारखेचं पत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं. धन्याने वाट विचारली, खाण बंद ठेवायला सांगितली, पण माणसं मारायला सांगितलं नव्हतं, हेही बोललो. तेवढं तुझ्या बाजूचं खरं होतं.

यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. एका पंचाने बसायचं स्टूल माझ्या तोंडावर मारलं. पुढचे चार दात गेले, म्हणून आता बोलतो ते कोणाला कळत नाही, लिहिलेलं बरं. मी खाली पडलो तसे सगळे वर पडले. बूट, कुबड्या, एकाच्या हातात खिळ्याची फळी होती. बरगडी मोडली ती मला ऐकू आली. ज्याने त्या दिवशी पाठीवर हात ठेवला होता तोच सगळ्यात जास्त मारत होता. मारता मारता रडत होता. एवढ्यात रूथचा आवाज आला आणि ते बाजूला झाले.

ती माझ्याजवळ येऊन खाली बसली, अगदी चुलीपुढे बसावं तशी.

"ठोके ऐकलेस तू?"

"ऐकले."

"किती वेळा?"

"सात वेळा."

"पहिल्यांदा ऐकलेस तेव्हा आग विझवली असतीस तर?"

मला खोटं बोलता आलं असतं, कोणाला कळलं नसतं. "वाचला असता," मी म्हणालो. "तिघेही."

तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग उठून त्यांना म्हणाली, "याला इथे मारू नका. डर्बीला न्या. माझ्या गावच्या मातीत मला हा पुरायचा नाही. सेथ आहे तिथे."

पंचांनी मग बसून निकाल दिला. तिसरी खाच पडलीच नाही असं लिहिलं. तिघांच्या नावापुढे 'कॅथरिनच्या धुराने' असं लिहिलं. आज सकाळी अमॉसने नवा दांडा बसवला आणि दोन पंचांच्या देखत स्वतः रहाट फिरवून पहिली बादली वर काढली. माझ्या खिडकीतून दिसत होतं. तो दिवसभर ओढत होता.

ट्रेगियरला डर्बीला पकडलं आहे. तुझ्या पत्राची नक्कल घेऊन एक माणूस लंडनला निघाला आहे, या पत्राच्या आधी पोचेल. पळ म्हणून मी तुला लिहीत नाही. तुला काय विचारतील ते मला ठाऊक नाही. जे तू लिहिलंस ते इफ्रेमने लिहिलं, असं तेवढं म्हणू नकोस.

किल्ल्या स्वयंपाकीणबाईंकडे आहेत. भट्टीवरच्या माणसांना मी सांगितलं आहे की नवा कारभारी येईपर्यंत फर्निसला विचारून चालावं. तांबड्या गाईला आठवडाभरात वासरू होईल, तिला या वेळी त्रास होईलसं दिसतं, कोणीतरी जवळ थांबावं.

कॉन्स्टेबल आयझॅक रेडफर्न दारात उभा आहे. जोब आणि सॅम त्याचे पुतणे. बेड्या त्याच्या हातात आहेत. मी म्हणालो, डावा हात आत्ताच घाल, उजव्याने एवढं संपवतो. तर म्हणाला, "दोन्ही मोकळे असू देत. सगळं लिही. काही आत ठेवू नकोस."

म्हणून हेही लिहितो. तू येशील म्हणून मी ते केलं. आणि तीन पोरं मातीत गेल्यावरही, परवा फाटकाशी घोड्याच्या टापा वाजल्या तेव्हा मला आनंद झाला. तो टपालवाला होता. पण तू असतास तरी मला आनंदच झाला असता, फ्रान्सिस, आणि हे मी पंचांना सांगितलं नाही.

आता झालं. हात पुढे करतो.

इफ्रेम स्टेली